बाळाची वही: पहिल्या वर्षात वजन, वाढ आणि तपासण्यांचा हिशोब कसा ठेवायचा

सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टरांनी अगदी साधा प्रश्न विचारला, "दिवसातून शू किती वेळा होते?" मी म्हटलं चार वेळा, बायको म्हणाली सात. दोघंही खरंच सांगत होतो. दोघांनी आपापल्या पाळीतले लंगोट मोजले होते, बेरीज मात्र कुणीच केली नव्हती. पाठोपाठ प्रश्न आला, मागच्या वेळी वजन किती होतं? तो कागद घरी राहिला होता. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं का? बहुतेक हो. "बहुतेक" म्हणताना आपण किती बावळट दिसतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी एक शंभर पानी वही बाळाच्या नावाची झाली. या वहीकडून निदानाची अपेक्षा ठेवायची नाही, ते डॉक्टरांचं काम. पण डॉक्टरांना बाळ वर्षभरात मोजके तास दिसतं, बाकीचे सगळे दिवस आणि रात्री आपल्यासमोर असतं. आपण पाहिलेलं त्यांच्यापर्यंत नीट पोहोचवायचं, एवढंच वहीचं काम. मोबाइलवरचं ॲप चालत असेल तर तेही चालेल. अट एकच: बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला त्यात लिहिता आलं पाहिजे. आमचं ॲप एकट्या माझ्या फोनमध्ये होतं आणि फोन माझ्याबरोबर ऑफिसला जायचा, म्हणून शेवटी वहीच टिकली.

पहिलं पान: जन्माच्या वेळची माहिती

हे पान एकदाच भरायचं, पण नीट भरायचं. जन्मतारीख आणि वेळ, गर्भारपणाचे किती आठवडे भरले होते, जन्मवजन ग्रॅममध्ये, लांबी आणि डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये. प्रसूती कशी झाली, पोटात बाळ पायाळू होतं का, जन्मल्यावर लगेच रडलं का, पेटीत किंवा काविळीच्या दिव्याखाली ठेवावं लागलं का. कोणती इंजेक्शनं दिली, कोणत्या चाचण्या केल्या आणि त्यांचा निकाल काय आला.

शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. "श्रवणचाचणी झाली" आणि "श्रवणचाचणी दोन्ही कानांत ठीक आली" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुट्टी मिळताना दिलेल्या कागदाचा फोटो काढून आई-बाबा दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल तर याच पानावर दुसरी तारीख लिहायची: मूळ अपेक्षित प्रसूतीची. पुढे वाढ आणि प्रगती या तारखेपासून मोजायची असते. ३२ आठवड्यांचं जन्मलेलं बाळ आठ आठवडे लवकर आलेलं असतं, म्हणजे जन्माला २० आठवडे झाले तेव्हा त्याचं "दुरुस्त वय" १२ आठवडे. साडेचार महिन्यांचं झालं तरी पालथं पडत नाही म्हणून घाबरलेल्या आई-वडिलांना या एका वजाबाकीने झोप लागते. हे दुरुस्त वय साधारण दोन वर्षांपर्यंत वापरतात. लसी मात्र सहसा जन्मतारखेप्रमाणेच दिल्या जातात, तिथे वजाबाकी करायची नाही.

पहिले पंधरा दिवस: इथे रोज लिहायचं

वर्षभरात रोजच्या नोंदीचा खरा उपयोग होतो तो याच काळात. चार रकाने पुरतात: दूध कधी पाजलं, शू, शी आणि एक शब्द "बाळ कसं वाटलं" यासाठी.

जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं. ते स्वाभाविक आहे, अंगातलं जास्तीचं पाणी निघून जातं आणि आईचं दूध अजून पूर्ण उतरलेलं नसतं. ३ किलोचं बाळ २ किलो ८०० ग्रॅमवर आलं तर कुणी दचकत नाही. उतार ७ टक्क्यांच्या पुढे जाऊ लागला की डॉक्टर दूध पाजण्याची पद्धत पाहतात, आणि १० टक्क्यांना, म्हणजे ३ किलोच्या बाळात ३०० ग्रॅमला, गांभीर्याने घेतात. १० ते १४ दिवसांत जन्मवजन पुन्हा गाठलं जायला हवं. वहीत ही तारीख ठळक लिहा: "जन्मवजन परत आलं".

रोज काटा घरी आणायची गरज नाही, कारण पुरेसं दूध पोटात जातंय की नाही हे लंगोट सांगतो. पहिल्या दिवशी एकदा तरी शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट. पहिली शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते आणि बहुतेक बाळांना पहिल्या २४ तासांत, काहींना ४८ तासांपर्यंत होते. ४८ तास उलटूनही झाली नाही तर सांगायचंच. मग रंग हिरवट होत पाचव्या दिवसापर्यंत पिवळा होतो. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसला तर ते बहुधा रक्त नसतं, दाट लघवीतले क्षार असतात. पाचव्या दिवसानंतरही तो डाग दिसत राहिला तर बाळाला दूध कमी पडतंय का, हे तपासून घ्या.

कावीळ बहुतेक घरांत येऊन जाते. ती दिवसाच्या उजेडात पाहायची, ट्यूबलाइटखाली सगळीच बाळं पिवळी दिसतात. कपाळावर किंवा छातीवर बोटाने हलकं दाबून सोडा आणि खालचा रंग पाहा. सावळ्या बाळात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या जास्त खरं सांगतात. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत दिसलेली कावीळ, पायांपर्यंत उतरलेली कावीळ, किंवा कावीळ असून बाळ सुस्त होऊन दूध ओढत नसेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

कावीळ १४ दिवसांनंतर (कमी दिवसांच्या बाळात २१ दिवसांनंतर) टिकून असेल तर रक्ताची तपासणी हवी, मग बाळ कितीही हसतं-खेळतं असो. त्यासोबत शी पांढुरकी, मातकट, खडूसारखी दिसू लागली किंवा लघवीचा पिवळा डाग कपड्यावर राहू लागला, तर "अंगावरच्या दुधाची कावीळ असेल" म्हणून थांबू नका. यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या बंद असण्याचा एक विरळ आजार असाच दिसतो. त्याची शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांच्या आत झाली तर निकाल चांगले मिळतात. म्हणून शीच्या रंगाची नोंद हसण्यावारी नेऊ नका. लंगोटाचा फोटो काढायला लाजूही नका, डॉक्टरांनी याहून वाईट फोटो पाहिलेले असतात.

पंधरा दिवसांनी जन्मवजन परत आलं, शू-शी सुरळीत झाली की रोजची नोंद बंद करा. नाही केली तर वही बाळाची न राहता आपल्या काळजीची होते.

मोजमाप: काय, कशाने आणि किती वेळा

आमच्याकडे चौथ्या महिन्यात वजन २०० ग्रॅमने "घटलं". रात्रभर आम्ही दोघं छताकडे पाहत होतो. सकाळी लक्षात आलं की आधीचं वजन दुसऱ्या काट्यावर, स्वेटर आणि भरलेल्या डायपरसकट घेतलेलं होतं.

नियम म्हणून नव्हे, त्या रात्रीच्या अनुभवावरून सांगतो. वजन नेहमी त्याच काट्यावर, उघड्या अंगाने, शक्य तर दूध पाजण्याआधी. काटा शून्यावर आहे हे स्वतः पाहायचं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढतं, तीन ते सहा महिन्यांत १५ ते २० ग्रॅमने आणि नंतर त्याहून कमी. आता विचार करा, नुकतं प्यालेलं १०० मिलिलिटर दूध जवळपास १०० ग्रॅम भरतं, म्हणजे चार दिवसांची वाढ! रोज वजन करणारा माणूस बाळ मोजत नसतो, दूध आणि लघवी मोजत असतो. निरोगी बाळाला पहिले पंधरा दिवस सरल्यावर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा आणि पुढे वर्षापर्यंत दोन महिन्यांतून एकदा, याहून जास्त वेळा काट्यावर ठेवायची गरज नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर अर्थात तसं.

लांबी घरी मोजण्याच्या फंदात पडू नये असं माझं मत. पाय आखडलेल्या, वळवळणाऱ्या बाळाला शिवणाच्या टेपने मोजलं की दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे सहज होतात. दवाखान्यात त्यासाठी एका टोकाला फळी असलेलं साधन असतं. एक जण डोकं फळीला टेकवून धरतो, दुसरा गुडघे सरळ करून तळव्यांपाशी सरकती फळी आणतो. दोन माणसांशिवाय हे मोजमाप होत नाही. तिथे एकटी नर्स घाईत मोजताना दिसली तर "मी डोकं धरतो" म्हणून पुढे व्हा.

डोक्याच्या घेरासाठी न ताणणारी टेप लागते. पुढून भुवयांच्या किंचित वर, बाजूने कानांच्या वरून, मागे जिथे डोकं सगळ्यात जास्त बाहेर आलेलं असतं तिथून. तीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. जन्मताना घेर ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २ सेंटिमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने १ सेंटिमीटरने आणि मग वर्षापर्यंत अर्ध्या सेंटिमीटरने. पालक वजनाच्या मागे लागतात आणि हे मोजमाप राहून जातं. खरं तर मेंदूच्या वाढीबद्दल बाहेरून काही सांगणारं हे एकच माप आहे.

आलेख वाचायला शिका

१७५९ साली फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या एका सरदाराने आपल्या नवजात मुलाची उंची मोजायला सुरुवात केली आणि साधारण दर सहा महिन्यांनी, मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, मोजत राहिला. एका माणसाच्या वाढीचा असा सलग हिशोब ठेवण्याचं हे सगळ्यात जुनं ज्ञात उदाहरण. तेव्हा आपण वेडे बाप एकटे नाही!

आज डॉक्टर वापरतात ते आलेख बहुतेक ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांवर आधारलेले असतात. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे ८,५०० मुलांची मोजमापं घेतली गेली. या बाळांना आईचं दूध मिळत होतं, त्यांच्या आई धूम्रपान करत नव्हत्या आणि आरोग्यसेवा हाताशी होती. परिस्थिती चांगली असली की सहाही देशांतली लहान मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं. "आमच्या घराण्यात मुलं बारीकच असतात" हे वाक्य पहिल्या वर्षाच्या बाळाबद्दल जरा जपून वापरावं, ते यामुळे.

आलेखावर आडवं वय, उभं वजन (किंवा लांबी, घेर) आणि मधून वर जाणाऱ्या काही वाकड्या रेघा. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा, आपल्या हातात बरोबर तक्ता आहे ना हे आधी पाहा. एका वयाच्या १०० निरोगी मुली वजनाप्रमाणे ओळीत उभ्या केल्या, सगळ्यात हलकी पहिली, तर पंधराव्या जागी उभी असेल तिचं वजन १५व्या रेघेवर. तिसरी रेघ म्हणजे नापास नव्हे. शंभर निरोगी बाळांतली तीन त्या रेघेच्या खालीच असणार, रेघ मुळी तशीच आखलेली आहे. आणि ९७वी रेघ म्हणजे पहिला नंबर नव्हे.

मधल्या, म्हणजे ५०व्या रेघेचे आकडे अंदाजासाठी देतो. मुलगा: जन्मताना ३.३ किलो, सहा महिन्यांना ७.९, वर्षाला ९.६. मुलगी: ३.२, ७.३ आणि ८.९. आता दुसरी बाजू पाहा. वर्षाच्या मुलाचं वजन ७.७ ते १२ किलो आणि मुलीचं ७ ते ११.५ किलो, एवढा मोठा पट्टा मानकांच्या नेहमीच्या मर्यादेत बसतो. शेजारचं बाळ आपल्या बाळापेक्षा दोन किलोने जास्त असूनही दोघंही ठणठणीत असू शकतात.

मग पाहायचं काय? रेघेची दिशा. एक ठिपका काहीच सांगत नाही, दोन ठिपके कुजबुजतात, तीन ठिपक्यांनंतर बाळ आपल्याशी बोलू लागतं. दहाव्या रेघेवर जन्मलेलं बाळ दहाव्या रेघेच्या आसपासच चढत असेल तर उत्तम चाललंय. ऐंशीव्या रेघेवरचं बाळ तीन महिन्यांत पंचविसाव्या रेघेवर आलं, तर वजन "सरासरीइतकं" दिसत असूनही विचारायला हवं. मात्र पहिल्या काही महिन्यांत थोडं सरकणं नेहमीचं आहे. जन्मवजन आईच्या पोटातल्या परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं, नंतर बाळ स्वतःची वाट शोधतं. तक्त्यावर छापलेल्या ठळक रेघांपैकी दोन ओलांडून घसरण झाली की डॉक्टर सहसा कारण शोधायला लागतात. जन्मतःच लहान असलेल्या बाळात एक रेघ घसरली तरी.

तिन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले तर आणखी उमगतं. दूध किंवा अन्न कमी पडतं तेव्हा आधी वजन मंदावतं, मग लांबी, आणि डोक्याचा घेर सगळ्यात शेवटी. वजन ठीक पण लांबीच मागे पडतेय, तर प्रश्न वेगळा असतो, आई-वडिलांची उंची किंवा क्वचित हार्मोन्सचा. आणि घेर एकटाच भराभर रेघा ओलांडून वर चढू लागला तर ती हुशारीची खूण नसते, लगेच दाखवायचं असतं.

तपासणीला जाताना

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतल्या चाचण्या एकेकदाच होतात आणि चुकल्या तर पुन्हा कुणी आठवण करून देईलच असं नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून थायरॉइडची जन्मजात कमतरता आणि काही चयापचयाचे आजार कळतात. थायरॉइडची कमतरता वेळेत कळून गोळी सुरू झाली तर बाळाची बुद्धी वाचते, नाही तर पुढे भरून येत नाही. हातापायाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन पाहतात, त्यातून हृदयाचे काही दोष पकडले जातात. डोळ्यांत उजेड टाकून बाहुलीची लाल चमक पाहतात. मांड्या बाजूला उघडून खुब्याचा सांधा जागेवर आहे ना हे पाहतात. पायाळू बाळांत हा दोष जास्त आढळतो, म्हणून पहिल्या पानावर ती नोंद.

श्रवणासाठी १-३-६ लक्षात ठेवा: एक महिन्याच्या आत चाचणी, शंका आल्यास तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, गरज असल्यास सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र किंवा उपचार. पहिल्या चाचणीत "पुन्हा करा" असं बऱ्याच बाळांचं येतं, कानात द्रव असतो म्हणून. चूक तेव्हा होते जेव्हा ती पुन्हा केलीच जात नाही.

पुढच्या भेटी साधारण लसींच्या तारखांना जोडून येतात. देशादेशांचं वेळापत्रक वेगळं असतं, तुमच्या कार्डावर आहे तेच पाळा. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलो तिथून पुढे जायचं. साधी सर्दी असेल तर लस पुढे ढकलायचं कारण नाही. प्रत्येक लशीसमोर तारीख, कोणत्या मांडीत दिली आणि कुपीवरचा बॅच क्रमांक लिहा, त्याचं स्टिकर मिळालं तर चिकटवाच. ताप कधी येतो तेही लिहून ठेवण्यासारखं आहे. बहुतेक लसींचा ताप पहिल्या एक-दोन दिवसांत येतो, गोवराच्या लशीचा मात्र ६ ते १२ दिवसांनी. दहाव्या दिवशी तापलेल्या बाळाचा लशीशी संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. ताप लशीचाच आहे असं धरून मात्र चालू नका, बाळ मलूल असेल तर दाखवा.

भेटीच्या आदल्या रात्री वहीत तीन प्रश्न लिहा आणि सगळ्यात महत्त्वाचा वर ठेवा. नाही तर तो उठताना, दार उघडता उघडता विचारला जातो आणि उत्तरही तसंच उभ्या-उभ्या मिळतं. चौथा प्रश्न कायमचा: "पुढच्या तारखेआधी काय दिसलं तर वाट न पाहता यायचं?" उत्तर तिथेच लिहून घ्या. कपडे पटकन काढता येतील असे घाला. मुलगा असेल तर दोन्ही अंडकोश खाली उतरलेत का हे विचारा. सहा महिन्यांपर्यंत उतरले नाहीत तर शल्यचिकित्सकांना दाखवायचं असतं.

आणि सहा आठवड्यांच्या भेटीत बाळाबरोबर आईचंही एक पान असू द्या. सतत रडू येणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलं तरी स्वतःला झोप न लागणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्यावर उपचार आहेत. ही नोंद बाबांनी करायची, कारण ती स्वतः "थकलेय फक्त" असंच म्हणेल.

प्रगतीचे टप्पे: तारीख नव्हे, खिडकी

"आठव्या महिन्यात रांगतं" हे वाक्य जितक्या आई-वडिलांना छळतं तितकं क्वचितच दुसरं कुठलं छळत असेल. त्याच अभ्यासात, ब्राझील सोडून बाकीच्या पाच देशांत, निरोगी मुलांनी हे टप्पे कधी गाठले हेही पाहिलं गेलं. आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५ महिने. आधाराशिवाय चालणं: ८.२ ते १७.६ महिने. आणि सुमारे ४ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, बसून सरकली किंवा थेट उभी राहिली. त्यांचं काही बिघडलं नाही.

वहीत टप्प्यासमोर फक्त महिना लिहा आणि आणखी एक गोष्ट: दोन्ही बाजू सारख्या चालतात का. वर्षाच्या आत बाळ एकाच हाताने सगळं पकडत असेल तर कौतुकाने "डावखुरा होणार" म्हणण्याआधी दाखवा, दुसरा हात कमी का चालतोय हा खरा प्रश्न असतो. तीन महिन्यांपर्यंत माणूस पाहून हसत नाही, चार-पाच महिन्यांना मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही, नऊ-साडेनऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, वर्ष झालं तरी बाबाबा-दादादा असं काही बोलत नाही, नावाला प्रतिसाद देत नाही, अशा नोंदी पुढच्या तारखेसाठी ठेवू नका. येत असलेलं काही बाळ विसरू लागलं तर कोणत्याही वयात लगेच.

इथे फोनचा कॅमेरा वहीपेक्षा कामाचा. बाळ दवाखान्यात गेलं की घरी करतं ते हमखास करत नाही. झोपेतून उठल्यावर अचानक मान आणि हात पुढे झटकल्यासारखे, पुन्हा पुन्हा, लागोपाठ होत असतील तर "दचकतं" म्हणून सोडू नका. व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दाखवा, तो आकडीचा एक प्रकार असू शकतो. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकली तरी तसंच, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तातडीने.

आजारपणाचं पान

वहीच्या शेवटच्या पानापासून उलटं लिहायला सुरुवात करा, म्हणजे मध्यरात्री शोधावं लागत नाही. वेळ, ताप, औषध, किती दिलं, कुणी दिलं. आमच्याकडे एकदा मी चार वाजता दिलेला पॅरासिटामॉलचा डोस आजी पाच वाजता पुन्हा देणार होती, वहीने वाचवलं. या औषधाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. शिवाय थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांची तीव्रता वेगळी असते, नाव एकच असलं तरी. म्हणून डॉक्टरांकडून "कोणत्या बाटलीतलं, किती मिलिलिटर, किती तासांनी" असं तिन्ही लिहून घ्या आणि ताजं वजन बदललं की पुन्हा विचारा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देऊन वाट पाहायची नाही, रात्र असली तरी निघायचं. एवढ्या लहान वयात जंतुसंसर्ग वरून दिसत नाही, ताप ही एकच खूण असू शकते. हात लावून "गरम वाटतंय" हा आकडा नव्हे, थर्मामीटर लावा आणि काखेत घेतला असेल तर तसं लिहा.

श्वास मोजायला शिकाच. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट. लहान बाळांचा श्वास मध्येच थांबतो आणि मग भरभर चालतो, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर फसायला होतं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल तर आकड्याचीही वाट पाहू नका.

थेट निघायचं अशा आणखी खुणा आमच्या वहीच्या आतल्या कव्हरवर मोठ्या अक्षरात होत्या:

- हिरवी उलटी. दुधाची गुळणी चालते, हिरवी नाही.
- दूध ओढणं बंद, किंवा उठवूनही जागं न होणं.
- आठ तास शू नाही, तोंड कोरडं, डोक्यावरची मऊ टाळू खोल गेलेली.
- शांत असतानाही टाळू फुगलेली.
- ओठ किंवा जीभ निळसर.
- आकडी.

तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला प्रत्येक दुधानंतर जोरात, लांब उडणारी उलटी होऊ लागली आणि तरी ते भुकेलंच राहत असेल तर तेही या यादीत धरा, जठराचं आतड्याकडचं तोंड जाड होऊन अडल्याने असं होतं.

वर्षानंतर

पहिल्या वाढदिवसाच्या आसपास एक पान आवरून घ्या: वजन बहुधा जन्माच्या तिप्पट झालेलं असतं, लांबी २५ सेंटिमीटरच्या आसपास वाढलेली. पहिला दात कधी आला आणि टाळू अजून हाताला लागते का हे लिहा, ती साधारण १२ ते १८ महिन्यांत भरते. इथून मोजमापं दर तीन महिन्यांनी पुरतात. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत मूल आडवं ठेवून मोजतात, नंतर उभं करून. उभं मोजल्यावर तेच मूल सुमारे ०.७ सेंटिमीटरने बुटकं भरतं, तेव्हा त्या आकड्यासमोर "उभं मोजलं" असं लिहून ठेवा.